हबीबचाचांचा रविवारचा टांगा

संक्रांत होऊन गेली तरी दोंडाईच्यातली थंडी त्या वर्षी हटायचं नाव घेत नव्हती. अशा एका गारठलेल्या सकाळी हबीबचाचा अंगणात शबनमला खरारा करत होते, तेवढ्यात फाटकाशी चेलना येऊन उभी राहिली. पेठेतल्या नेमीचंद शेठजींची ही सून. तिचा सहा वर्षांचा मुलगा श्रेयांस पदराआडून घोडीकडे टकमक बघत होता.

"चाचा, तुमचा टांगा अजून चालतो का हो?"

"चालतो की!" चाचा बोलून गेले. आतून त्यांची बायको ताजबी हिचा आवाज आला, "चालतो? त्यात कोंबडी अंडी घालते!"

खोटं नव्हतं ते. टांगा कित्येक वर्षं कडुनिंबाखाली दांड्या टेकवून पडून होता. कधी काळी स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागायची. त्या रांगेत हबीबच्या वडिलांचा टांगा असायचा आणि पुढे, मिसरूड फुटायच्या आतच, हबीबचा. बाजारकरू, शाळेची पोरं, माहेराला आलेल्या लेकी, सगळ्यांना त्याने घरोघर पोचवलं. मग रिक्षा आल्या. सोबत्यांनी एकेक करून घोडे विकले. हबीबचा हात मात्र धजावला नाही. त्याने घोडी ठेवली आणि तिला वरातीत नाचायला शिकवलं. आताची शबनम ही तिसरी. पांढरीशुभ्र, लांब पापण्यांची आणि अतिशय मानी. बँड वाजला की हिचे पाय जमिनीवर ठरत नसत.

"त्याचं काय आहे चाचा," चेलना म्हणाली, "थंडी म्हणून मुलांना बाहेर सोडत नाही, आणि घरात कोंडून सर्दी काही जात नाही. डॉक्टर म्हणाले, कोवळ्या उन्हात हुंदडू द्या. पण न्यायचं कुठे? गल्लीत गाड्याच गाड्या. मला वाटलं, रविवारी तुम्ही शिवारात फिरवून आणलंत तर..."

"शबनम ओढेल टांगा?" श्रेयांसने विचारलं.

"तू बसशील?"

पोराने मान इतक्या जोरात हलवली की माकडटोपी डोळ्यांवर आली.

तेव्हापासून चाचांच्या अंगात वारं शिरलं. कोंबडीला हुसकलं, चाकांना वंगण घातलं, गादीवर नवीन रेक्झिन ठोकलं. नात अर्शी घुंगरं चिंचेने घासत बसली. शबनमला ओझ्याची सवय लागावी म्हणून चाचा तिला रिकाम्या टांग्याला जोडून मैदानात फिरवू लागले. ती आधी फुरफुरली, रुसली, मग कान टवकारून दुडकी चालू लागली. जेवतानाही चाचांच्या तोंडी टांगाच. ताजबी वैतागून म्हणाली, "आपल्या लग्नात तरी एवढी घाई होती का तुम्हाला?"

रविवार उजाडला. धुक्याने समोरचं घर दिसत नव्हतं. टांगा पेठेत येऊन उभा राहिला आणि घुंगरांच्या आवाजाने दारंखिडक्या उघडल्या. अर्शी आधीच आजोबांशेजारी बसली होती; श्रेयांस आला, चेलना आली, शेजारच्या कोकिळाबाईंची जुळी पोरं आली. कोकिळाबाई आणि त्यांचे यजमान स्कूटीवरून मागे येणार होते. चाचा चाबूक उचलणार, तोच आतून खणखणीत आवाज आला, "थांबा! मी पण येणार."

चेलनाची सासू लाडकुंवर. अंगावर शाल, पायात लेकाचे बूट!

"आई, तुमचे गुडघे..." चेलना म्हणेपर्यंत त्या पायरीवर पाय देऊन पुढच्या गादीवर बसल्यासुद्धा.

"हबीबभाई, नवरी होऊन स्टेशनावरून आले ती तुमच्या वडिलांच्याच टांग्यातून. पण हातभर घुंगट! घोड्याची शेपटीसुद्धा दिसली नाही मला. आज सगळं बघणार आहे. हाका!"

गाव मागे पडलं आणि धुकं विरत गेलं. दोन्ही बाजूंनी तुरीची वाळत आलेली शेतं, मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे, बांधावर लगडलेल्या बोरी. पोरं तोंडातून वाफ सोडत ओरडत होती, "बघा, आमची आगगाडी!" बोरी दिसली की टांगा थांबे. पोरं खाली उड्या टाकत, अर्शी फांदी हलवी आणि दवाने भिजलेली गारेगार बोरं डोक्यावर टपटपत. श्रेयांसच्या हातांना काटे लागले, गुडघे मातीने माखले, आणि नाक वाहायचं तो विसरूनच गेला. चाचांना काय होत होतं ते त्यांनाच कळेना. एवढी वर्षं माणसं कुठेतरी पोचायचं म्हणून त्यांच्या टांग्यात बसायची. आज कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं, आणि तरी सगळे ओरडत होते, "चाचा, अजून पुढे! अजून पुढे!"

"मला धरू द्या तो लगाम," लाडकुंवरबाई म्हणाल्या.

चाचा हसले. "हलका धरा भाभी. तिला कळतं सगळं."

लगाम हातात आला आणि बाईंचा चेहरा शाळकरी पोरीसारखा फुलला. शबनम डौलात चालू लागली. अन् नेमका तेव्हाच समोरून एक ट्रॅक्टर आला. त्यावर भलामोठा स्पीकर, आणि स्पीकरवर दणक्यात वरातीचा बँड.

शबनमने मान ताठ केली.

"या अल्ला," चाचा पुटपुटले. "भाभी, लगाम—"

पण घोडी नाचायला लागली होती! पुढचे पाय उचलून, मान वेळावून, तालावर. टांगा डावीकडे हेलपाटला, उजवीकडे हेलपाटला. पोरं किंचाळली, चेलना दांडीला लटकली, लाडकुंवरबाई "अरे बापरे, अरे बापरे" करत खदाखदा हसत होत्या, आणि "धप्प" करून डावं चाक पाण्याच्या चारीत गेलं. टांगा तिरका होऊन थांबला.

 चाचा उडी टाकून पोरांजवळ गेले. एकेकाचे हातपाय चाचपले. कुणाला खरचटलंही नव्हतं. श्रेयांस चिखलात बसून टाळ्या पिटत होता. "चाचा, पुन्हा!"

हरभऱ्याच्या शेतातून एक बाई विळा घेऊन धावत आली. शेत तिचंच होतं. नाव मंजुळाबाई, बोली अहिराणी.

"काय व्हयनं भाऊ? बठ्ठा पोरे बरा शेतस ना?"

"पोरं बरी आहेत अक्का. पण तुमची चारी फुटली, त्या वाफ्याची नासाडी झाली," चाचा ओशाळून म्हणाले. "घोडी वरातीची आहे. बँड ऐकला नि..."

मंजुळाबाईने घोडीकडे पाहिलं, शालीतल्या शेठाणीकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून असं हसली की बांधावरचे बगळे उडाले.

चाक काढायला सगळेच भिडले. कोकिळाबाईंच्या यजमानांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चेलनाने पदर खोचला, पोरांनी मागून रेटा दिला. शबनमला चाचांनी कानात काहीतरी सांगून पुढे खेचलं. एक हिसका, दुसरा हिसका, आणि तिसऱ्याला चाक वर आलं. असा जल्लोष झाला, जणू कुस्तीचा फडच मारला.

आता निघायचं म्हणून सगळे वळले, तर मंजुळाबाई वाट अडवून उभी; खाल्ल्याशिवाय कुणाला सोडेचना. "उनात ते उनात, आते खाईसन जा!"

तिने वाळल्या तुराट्या पेटवल्या. हरभऱ्याचे डहाळे मुळासकट आगीवर धरले. चरचर आवाज झाला, घाटे काळे पडले, आणि हुळ्याच्या खमंग वासाने पोरं आगीभोवती गोळा झाली. गरम घाटे फोडायचे, फुंकर मारायची, दाणे तोंडात टाकायचे. बोटं काळी, ओठ काळे, मग एकमेकांना मिशा काढण्याचा खेळ सुरू झाला. लाडकुंवरबाईंच्या कपाळावर अर्शीने राखेचा टिळा लावला. घरी कुणी जोरात बोललं तरी कपाळाला आठी घालणाऱ्या या बाईंनी उलट जुळ्यांना मिशा काढल्या. मग बांधावरून शिवणापाणीचा डाव रंगला. पळणाऱ्यांत पोरांपेक्षा आईबापच जास्त! आणि "आऊट" झाल्यावर भांडणारेही तेच.

चाचा शबनमच्या मानेवर हात फिरवत उभे होते. ऊन अंगावर आलं होतं, सदरा चिखलाने भरला होता. मंजुळाबाईने त्यांच्या ओंजळीत घाटे ओतले. "भाऊ, पुढला रविवारले ये. घोडी नाचनी तरी चालई."

"येतो अक्का, येतो," चाचा म्हणाले, आणि ओंजळीतले अर्धे घाटे त्यांनी शबनमपुढे धरले.

सोमवारपासून अंगणात रीघ लागली. कुणी म्हणे आम्हाला न्या, कुणी म्हणे आमची आजीही येईल. चाचा सगळ्यांना हो म्हणत सुटले. एक टांगा पुरेना, म्हणून मागे सायकली, स्कूटी, एक छोटा हत्ती टेम्पोही यायचं ठरलं. कुणी पतंग आणणार होतं, कुणी विटीदांडू. ताजबीने तिळाच्या वड्या थापायला घेतल्या.

पुढच्या रविवारी चाचा घोडी जुंपायला बाहेर आले, तर टांग्यात बसायलाच जागा नव्हती. अजून घोडीसुद्धा न जुंपलेल्या त्या टांग्यात आठ-दहा पोरं दाटीवाटीने बसली होती, आणि सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून, ताजबी.

"बघता काय?" ती म्हणाली. "घोडी आणा लवकर!"