चार नंबरचं मशीन

सूर्यभान मूळचा शनिशिंगणापूरचा, बिनदाराच्या घरात वाढलेला. त्याचाच सूड म्हणून की काय, केडगावात गेमिंगचं दुकान टाकल्यावर त्यानं चारही कॉम्प्युटरच्या डब्यांना कुलपं ठोकली. एवढ्यानंही जिवाला स्वस्थता नव्हती, म्हणून गेमची चित्रं पळवणाऱ्या आतल्या प्रत्येक महागड्या ग्राफिक्स कार्डावर बायकोच्या नेलपॉलिशचा खुणेचा ठिपका दिला. कुणी चहा पाजला, तरी याचं आपल्याकडं काय काम असेल, याचाच विचार तो घोट घेताना करायचा.

विश्वास टाकावा असा एकच माणूस, कल्याण. दोघं आयटीआयला एका बाकावर बसलेले. दुकानातली सगळी दुरुस्ती कल्याण बघायचा आणि कुलपांची दुसरी किल्लीही त्याच्याकडंच असायची.

एका सोमवारी गिऱ्हाइकं चार नंबरच्या मशीनसाठी हमरीतुमरीवर आली. तिथं गाड्यांच्या शर्यतीचा गेम जास्त सुरळीत पळतो म्हणे. सूर्यभान स्वतः बसला. बाकी तिन्हींवर सेकंदाला नव्वद फ्रेम, म्हणजे चित्रं, इथं शंभर. चारही मशीन एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेली. दुसरा कुणी खूश झाला असता. याला संशय आला. चौथ्याचा वेग वाढलेला नाही, बाकीच्या तिन्हींतली कार्डं काढून कुणीतरी हलकी बसवली, असा त्यानं हिशोब मांडला. डबे उघडले तर ठिपके जागच्या जागी. पण तसलं नेलपॉलिश काय, कुठंही मिळतं. आणि कुलपं तर शाबूत होती, म्हणजे उघडली ती किल्लीनंच.

कल्याण आला, तेव्हा दुकान भरलेलं होतं. सूर्यभाननं सगळ्यांदेखत विचारलं, "तीन कार्डं कुठं विकलीस?"

कल्याणनं शांतपणे सांगितलं, की डबा कुणी उघडलाच नाही. मशीन सुरू होताना जी सेटिंग उघडते, तिथं त्यानं चार नंबरवर एक गोष्ट चालू केली होती. कार्डाची मेमरी आठ जीबीची, पण प्रोसेसरला एका वेळी त्यातला पाव जीबीच हाताळता यायचा, पोत्यातलं धान्य वाटीनं काढावं तसा. आता सगळं पोतं त्याच्यापुढं मोकळं होतं. काही गेमना त्याचा फायदा होतो, काहींना काडीचा नाही, एखादा जुना गेम उलट थोडा मंदावतो. म्हणून आठ दिवस एकाच मशीनवर बघून मग तो सांगणार होता.

नवा सुटा भागही न घालता वेग वाढतो, हे सूर्यभानला पटेना. त्यानं सेटिंग बंद करायला लावली. नव्वद. चालू केली. शंभर. असं तीनदा करायला लावलं. मग एक नंबरवरही करून बघायला लावलं, तिथंही शंभर. कल्याण सांगितलेलं करत गेला.

सूर्यभानचा जीव भांड्यात पडला. लाज वाटली, म्हणून त्यानं चहा सांगितला. कल्याणनं किल्ली काउंटरवर ठेवली.

"ऱ्हाऊ दे. उद्या मशीनचा पंखा जोरात फिरला, तरी माझ्याकडंच बघशील," म्हणाला आणि निघून गेला.

सेटिंग बदलायची दोन मशीन राहिली होती. दुसऱ्या दिवशी सूर्यभाननं फोन केला. कल्याणनं न चिडता एकेक पायरी सांगितली. दोन्हीकडं शंभर आले. संध्याकाळी ये की चहाला, असं सूर्यभान म्हणाला.

"स्क्रीनचा फोटो काढून ठिव," कल्याण म्हणाला. "म्हंजी नंतर मी कायतरी केलं, असं वाटायचं न्हाई."

फोन बंद झाला. सूर्यभाननं खरंच दोन्ही स्क्रीनचे फोटो काढले. काढून झाल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं आणि स्वतःचीच किळस आली.