पायाखालचा गारवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या मंडळातल्या सोबत्यांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझं लिहिलेलं वाचता आणि — कसं म्हणू — ते खरं धरून चालता. ‘ऐषाराम’ हा शब्द मी माझ्या पत्रकांतून दगडासारखा फेकत आलो. मग हेही ठाऊक असू द्या, की माझे आजवरचे सगळ्यात सुखाचे दिवस एका जहागीरदाराच्या मोटारीत गेले.

मोटार लहान होती. लाल, बिनटपाची, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी लागून की बसल्या जागी हात बाहेर सोडला तर रस्त्याची धूळ बोटांना लागावी. बीदरजवळच्या नौबादच्या बंगल्यातले छोटे सरकार, म्हणजे जहागीरदारांचे धाकटे चिरंजीव, यांनी शर्यतींच्या नादानं ती घेतली होती. मी सोलापुरात मामाकडं राहून मोटारीचं काम शिकलेला, म्हणून ड्रायव्हर म्हणून मला ठेवलं. जहागिरीतल्या वेठबिगारीविरुद्ध लढणाऱ्या आमच्या मंडळालाही ते हवंच होतं. आमची पत्रकं सोलापुरात छापली जायची, आणि हैदराबाद संस्थानात आणताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सामानाची झडती व्हायची. सरकारांच्या मोटारीची झडती कोण घेणार? नाकेदार उलट सलाम करायचा.

म्हणजे मी तत्त्वासाठी मोटार चालवत होतो. निदान तसं सांगत होतो.

नीलाक्काला ते पटत नसे. अक्का कल्याणी गावच्या एका बसवपंथी व्यापाऱ्याची लेक, माझ्याहून वयानं मोठी, आमच्या मंडळातली एकटीच बाई. घरात कानडी, बाजारात मराठी आणि माझ्याशी बोलताना दोन्हींतली तिखट मिरची. म्हणायची, "मालकाची मोटार हाकायलास अन् मालकाच्याच इरुद्ध लिवायलास. तुजा एक पाय हितं, एक पाय तितं."

"दोन्ही भाजायलेत, अक्का," मी म्हणायचो.

आणि ते अगदी खरं होतं. त्या मोटारीत एकच खोट होती. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये एक पातळ पत्रा, पायाखाली फळ्या, आणि त्या फळ्यांच्या खालून इंजिनाचा धूर नेणारी नळी. हुमनाबाद येईपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नसे. छोटे सरकार शेजारी बसून पाय वर घ्यायचे, खाली ठेवायचे, पुन्हा वर घ्यायचे. एकदा पंपशू काढून बाहेर धरले आणि म्हणाले, "ये मोटार है के तंदूर? पावां कबाब हो गये मियां. बेच देंगे इसको."

विकणार? तुम्ही विचाराल, तुला काय रे त्याचं? जहागीरदाराची मोटार, विकली तर विकली. हेच मीही स्वतःला विचारलं. उत्तर न देता कामाला लागलो.

ते दिवस आठवले की आजही हसू येतं. आधी मी फळ्यांवर ओलं गोणपाट अंथरलं. त्याची अशी वाफ झाली की सरकार म्हणाले, "कल कबाब थे, आज दम दे रहा तू." मग तबेल्यातून खोगिराखालचा नमदा आणून घातला. हुमनाबादेत पोचलो तो करपून असा वास सुटला की बाजारातले लोक कुणाचं घोडं जळतंय म्हणून बाहेर आले. शेवटी डोक्यात प्रकाश पडला. उष्णता अडवायची तर तिला चिकटून बसायचं नाही, मध्ये वारा खेळू द्यायचा. नळी आणि फळी यांच्यामध्ये मी एक पत्रा लटकवला, दोहोंनाही न टेकवता, बोटभर फट ठेवून. समोरच्या पत्र्याला वाऱ्याच्या तोंडी एक झडप कापली. अर्धी धग गेली. मी बंगल्याच्या अंगणात अनवाणी नाचलो, आणि सरकारांच्या खानसाम्यानं मला वेड लागल्याचं आत जाऊन सांगितलं.

उरलेली अर्धी मात्र हटेना.

मग सोलापूरची खेप आली. पत्रकांचे गठ्ठे मी नेहमी बैठकीखाली लपवायचो. त्या दिवशी तिथं सरकारांचा नवा फोनोग्राफ बसला. गठ्ठे कुठं ठेवायचे? मी त्यांच्या दोऱ्या सोडल्या, कागद पायाखालच्या फळ्यांवर घट्ट रचले, वरून दुसरी पातळ फळी ठोकली आणि त्यावर गालिचा पसरला. नाका पार झाला. नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. कल्याणीच्या अलीकडं कळलं. पाय भाजत नव्हते. शेजारी सरकार पाय लांब सोडून गाढ झोपले होते. जागे झाले, पायांकडं पाहिलं आणि म्हणाले, "ठंडे हैं रे. क्या जादू किया तू?"

वेठीविरुद्धचं पत्रक होतं ते. मी लिहिलेलं. माझं लिखाण कुणाला इतकं लगेच मानवल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

इथवर सगळी गंमतच आहे, नाही का? इथं थांबलो असतो तर तुम्हीही हसून पान उलटलं असतं.

ती पत्रकं कोहिनूर गावात आणि भोवतालच्या वाड्यांत वाटायची होती. शुक्रवारी माझी सुट्टी असे. सायकलीनं जायचं, हातात पत्रक द्यायचं आणि कानात सांगायचं — सोमवारी बसवपंथी मठात या, वचनवाचन आहे. उघड सभेला परवानगी नव्हती, म्हणून संतवचनांचं निमित्त. तिथं नीलाक्का बोलणार होती, पहिल्यांदाच. महिनाभर ती तयारी करत होती. तालमी मीच घेतल्या होत्या.

गुरुवारी सरकार म्हणाले, उद्या हैदराबादला जाऊ, दोस्तांना मोटार दाखवू. मग आपणच आठवून म्हणाले, "तेरी छुट्टी है ना कल? मैं चला लेता."

ऐकलंत ना? त्यांनी मला मोकळं केलं होतं. कुणाचा हुकूम नव्हता, धाक नव्हता. रात्री फळी उचकटून गठ्ठे काढता आले असते, त्या जागी रद्दी भरता आली असती. बीदरात रद्दीला काय तोटा?

मी म्हणालो, "नाही सरकार, मी येतो."

आणि काय सांगू तुम्हाला तो शुक्रवार. जहीराबादपर्यंत ऊन आमच्या मागं आणि वारा तोंडावर. रस्त्यालगतची करडई पिवळ्या रेघेसारखी पळत होती. गाडीवानांनी बैल आवरून आमच्याकडं पाहिलं, पोरं शेतातून धावत आली. हैदराबादेत हुसेनसागर तलावाच्या बांधावर सरकार म्हणाले, छोड दे. मी मोटार भरधाव सोडली. पायाखाली गारवा, हातात ते थरथरणारं चाक, डावीकडं पाणीच पाणी. मी मोठमोठ्यानं हसत होतो. कोहिनूरची आठवण झाली का? झाली. एकदा झाली. मी ती वाऱ्यावर सोडून दिली. मला मजा आली — हे मी लपवणार नाही, कारण कबूल करायचं आहे ते हेच.

रविवारी परतलो. अक्का वाटेवर उभी होती. "पत्रकं वाटलास का रे समदी?"

"वाटली, अक्का. समद्यांनी हात पुढं करून घेतली."

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

सोमवारी मठात स्वामी होते, त्यांचे गडी होते, ऐकू न येणारी एक म्हातारी होती, आणि हरवलेली म्हैस शोधत आलेला एक माणूस होता. तो म्हैस इथं नाही हे पाहून गेला. अक्का तरी बोलली. एक शब्द न गाळता, रिकाम्या चटयांकडं बघत, शेवटपर्यंत बोलली. परतताना म्हणाली, "वाचून बी आले न्हाईत. म्हंजे लोकाला मीच नगं. बाईमानसाचं कोण ऐकायलंय, सांग."

तेव्हा एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पत्रकं मोटारीत आहेत, अक्का. बस, एवढंच. आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "पुढल्या खेपेला मी बोलतो."

"बोल बाबा," ती म्हणाली.

पुढची सभा भालकीकडं झाली. तिथं नवी पत्रकं वेळेवर वाटली गेली, माणसं मावली नाहीत. मी बोललो — तिचंच भाषण, मला पाठ होतं. अक्का त्यानंतर कधी बोलायला उभी राहिली नाही. सरकारांचं मन पुढं दुसऱ्या मोटारीवर गेलं आणि लाल मोटार त्यांनी वऱ्हाडातल्या कुणाला तरी विकली, पायाखालच्या पत्रकांसकट. मी फळी उचकटली नाही.

अक्का माझं छापलेलं सगळं वाचते, हेही वाचेल. तिला त्या दिवशी कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणाला बोलावलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात हुमनाबादेत सभा होती. अक्का घरोघर हिंडून बायकांना घेऊन आली आणि त्यांच्यासोबत पुढं बसली. बोलता बोलता मी त्या वाक्याशी आलो, ज्याच्यासाठी लोक मला ओळखतात — "गाव जहागिरीत दिलंय, आमचे हात दिलेले न्हाईत." ते तिनं रचलेलं आहे. टाळ्या बराच वेळ चालल्या. तीही वाजवत होती.