आक्कासाठी घासलेल्या अकरा फळ्या

आक्का बाळंतपणाला माहेरी आली, आठवा महिना लागलेला, आणि मला घामच फुटला की! आमचं बिऱ्हाड माडीवर, आणि संडास मागच्या उघड्या लाकडी सज्ज्याच्या पार टोकाला. मधी अकरा फळ्या. कोल्हापूरचा पाऊस आठ दिवस उघडला नव्हता, फळ्यांवर हिरवंगार शेवाळ. मी रोज तालमीत जाणारा गडी, तरी कठडा धरून चालायचो. आक्काला तर पोटामुळं स्वतःची पावलंबी दिसत नव्हती.

"काय तरी कर की रं," आई म्हणायची. "पडली म्हंजे तिच्या सासरी काय तोंड दावू?"

करतच होतो की! राख टाकून काथ्यानं घासलं, सोडा टाकला, उलथन्यानं फटी खरवडल्या, हाताची सालं निघाली. आज फळी स्वच्छ, उद्या परत बुळबुळीत. आणि आक्का दिवसातनं धा वेळा जायची. दर वेळी मी दारात, जीव मुठीत धरून.

मग एकदम डोक्यात आलं, तालमीतली माती! कुस्तीच्या हौद्यात एवढी झोंबाझोंबी करतो, पाय घसरतोय का कधी? वस्ताद नसताना घमेलंभर उचलली, कपाळाला लावून माफी मागितली आणि फळ्यांवर पसरली. लालभडक, मऊ.

"आक्के, आता बिनघोर जा!"

तिसऱ्या फळीवर तिचा पाय सर्रकन गेला. मी पोचेपर्यंत ती खाली बसलेली, एक हात कठड्याला, एक पोटावर. आणि तवा मला आठवलं, त्या मातीत आम्हीच तेल, ताक, हळद घालतो! तालमीत छपराखाली ठीक हाय, पावसात तिचं लोणी झालं.

"लागलं का गं?"

"मला न्हाय," आक्का म्हणाली. "पर ह्ये हलंना."

आईनं तिला आत नेऊन कुशीवर झोपवलं, गूळपाणी पाजलं. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. मी पावसात गुडघ्यावर बसून ती माती खरवडत होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो.

खालच्या सायकल दुकानाचे चाचा वर आले.

"रोता क्या है, पैलवान? वर बघ की जरा!"

बघितलं. पत्र्याची पन्हळ वाकलेली, सगळं पाणी फळ्यांवरच पडत होतं. आठ दिवस मी नुसतं खाली बघून घासत होतो.

चाचांनी तारेनं पन्हळ वळवली. जुने टायर कापून पट्ट्या आणल्या, दर फळीवर आडवी एक. मी ठोकत होतो, पर कान आत. एक खिळा, थांबायचो. आतनं काय न्हाय. परत एक खिळा. काय न्हाय. सातव्या फळीपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, सांगायला नको.

"ठोकाठोकी बंद करा रं!" आतनं आक्का ओरडली. "ह्यो लाथा मारायला लागला!"

हातोडी हातातनं सुटली, पायाच्या अंगठ्यावर पडली, कळलंबी न्हाय!

जरा वेळानं आक्का दारात आली. "जाऊ का आता? का अजून माती टाकायची हाय तुला?"

"थांब," मी म्हणालो. उरलेल्या चार पट्ट्या ठोकल्या. मग अनवाणी पुढं झालो, दर फळीवर दोन्ही पाय जोरात आपटून बघितले आणि मगच तिच्याकडं हात केला.