गळतीसाहेबांची एक सूचना

गिरण्यागिरण्यांत त्यांना गळतीसाहेब म्हणत. कापडगिरणीत शिरायचं, वाफ कुठून निसटते, दाबाची हवा कुठून सुस्कारे टाकते, कुठली मोटर उगाच फिरते, हे कान लावून शोधायचं आणि उधळपट्टी कशी थांबवावी याचा अहवाल द्यायचा, ही त्यांची नोकरी. जन्मभर अहवाल लिहिले. पण नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मालक चहा पाजत, माना डोलावत. पुढच्या खेपेला तोच उघडा पाइप, तीच जुनाट मोटर जागच्या जागी. निवृत्ती आता तोंडावर आली होती. आपली एक, अगदी एक तरी सूचना कुणी अमलात आणावी, एवढंच मागणं उरलं होतं. बिचाऱ्याने काही आभाळ मागितलं नव्हतं.

घरात दोघंच: ते आणि थोरली बहीण. ताई वय उलटलं तरी अजून कंत्राटावर एका गिरणीच्या कताईखात्यात कामाला. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं, शिकवलं. त्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच.

यंदा तपासणी आली ती नेमकी ताईच्याच गिरणीत. साहेबांनी अंग मोडून काम केलं. पाइपांना वेष्टण घाला, मोटरी बदला, रंगखात्याचं गरम पाणी गटारात सोडू नका, सगळं लिहिलं. शेवटच्या दिवशी शिफ्ट सुटताना कताईखात्यातल्या बायका यंत्र साफ करायची हवेची नळी एकमेकींच्या अंगावर धरून खिदळताना दिसल्या. ताई त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला होती. साहेबांचं टाळकं सटकलं. दाबाची हवा तयार करायला किती वीज जळते, आणि यांचा चाललाय पोरखेळ! त्यांनी ठणकावून लिहिलं: नळ्या ताबडतोब काढाव्यात.

काही दिवसांनी गिरणीच्या मॅनेजरचा फोन आला.

"साहेब, तुमची सूचना लागू केली बरं का!"

"कुठली? पाइपांची?"

"छे हो, त्याला खर्च येतो. नळ्यांची. आज सकाळीच काढून टाकल्या."

काही म्हणा, दगडाला एकदाचा पाझर फुटला होता. साहेब खूश झाले. ही बातमी ताईला सांगायची म्हणून घाईघाईने घरी निघाले.

ताई बाहेर पायरीवरच बसली होती. केसांत, भुवयांवर, कानांत पांढरे तंतू. ओल्या फडक्याने पुसत होती आणि ते जास्तच चिकटत होते. मध्येच खोकत होती.

"आत का नाही गेलीस?"

"अशी कशी जाऊ? घरभर रुई होईल, मग तू शिंकत बसशील. रोज निघताना नळीने अंग झाडायचो आम्ही. आज नळ्याच काढल्या. कुणा दीडशहाण्याने लिहून दिलंय म्हणे. त्या मेल्याच्या घरी आयाबहिणी नसतील."

साहेब पायरीवर टेकले. इतकी वर्षं ताई कापसात राबून स्वच्छ घरी येत होती, आणि कशी येते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. शरमेने त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, ते मीच लिहिलं."

तिचा हात थांबला. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तू लिहिलंस होय?" ती म्हणाली. "मग बरोबरच असेल."

आणि तिने पुन्हा फडकं उचललं.