फक्त प्रिंट बाकी आहे

जे सॉफ्टवेअर पहिल्या फटक्यात चालतं, त्याच्याबद्दल चहाच्या टपरीवर कुणी चकार शब्द काढत नाही. किस्से होतात ते न चालणाऱ्याचे. आणि माझी नोकरीच अशी की जे जे चालत नाही ते शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडतं. त्यामुळे साठा भरपूर. बायको म्हणते, "डबा रिकामा आणतोस आणि किस्से भरून आणतोस."

तर ऐका. आमचं ऑफिस भुकूमला, तात्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. खाली तात्या, काकू, त्यांचा मुलगा आणि सून. वर आम्ही चार जण आणि सहा कॉम्प्युटर. आम्ही शाळांचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर बनवतो. कुठल्या वर्गावर कुठल्या तासाला कोण, एवढंच. पण शाळांकडे कॉम्प्युटर तीन तऱ्हेचे. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, आणि ज्या संस्थेचं काम धरायचं होतं तिच्या अध्यक्षांकडे मॅक. म्हणजे सॉफ्टवेअर एकच, पण तीन वेगळ्या गाठोड्यांत बांधून द्यायचं. ह्या बांधण्याला बिल्ड म्हणतात आणि ते काम माझं. एकाच घरात एकाला बिनमिठाचं, दुसऱ्याला बिनसाखरेचं, तिसऱ्याला बिनतेलाचं करून वाढणाऱ्या बाईला माझं दुखणं लगेच कळतं. आमच्या समीर सरांना ते अजून कळलेलं नाही, आणि कंपनी त्यांची आहे.

*

समीर सर वरचा मजला भाड्यानं बघायला आले तेव्हाची गोष्ट. तात्यांनी अट घातली. "जागा देतो. पर सून कॉम्प्युटर शिकलीया, तिला बी घ्या."

सरांना जागा स्वस्तात हवी होती. ते म्हणाले, "घेतो. टेस्टर म्हणून."

"म्हंजी काय करायचं तिनं?"

"आम्ही केलेल्या कामातल्या चुका काढायच्या."

तात्यांनी आत स्वैपाकघराकडं एक नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाले, "आमच्या मंडळींनी हे काम चाळीस वर्सं केलंय. तवा कुटं होता तुमी?"

अशी उज्वला आमच्यात आली. आधी टेम्पररी, सॉफ्टवेअर रिलीज झालं की पर्मनंट, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, घरचं सगळं व्यवस्थित आहे, नोकरीचं एवढं काय? ती म्हणाली, "जमीन मामंजींच्या नावावर, गाडी ह्यांच्या नावावर, भाड्याच्या खोल्या आत्याबाईंच्या नावावर. माझं नाव फक्त रेशन कार्डावर आहे, तेही सगळ्यात शेवटी. मला एक कागद पाहिजे, ज्यावर फक्त माझं नाव असेल."

गंमत बघा. तिनं चूक काढली की रिलीज पुढं जाणार, आणि रिलीज पुढं गेलं की तिचा कागद पुढं जाणार. दुसरी कुणी असती तर डोळ्यांवर कातडं ओढून बसली असती. ही बाई दोनशे पानी वही घेऊन बसली. तारीख, चूक, कशी झाली, कुणाला सांगितली. सर दर सोमवारी वही बघायचे आणि म्हणायचे, "उज्वला, तुझं पर्मनंटचं लेटर माझ्या लॅपटॉपमध्ये तयार आहे. फक्त प्रिंट बाकी आहे."

*

बिल्ड झाला की त्याच्या आपोआप तपासण्या होतात. सगळ्या पास झाल्या तर स्क्रीनवर हिरवं, एक जरी नापास झाली तरी लाल. आमचं सलग महिनाभर लाल होतं. एकदा संस्थेची माणसं बघायला येणार होती. सर म्हणाले, "लाल नको. निगेटिव्ह वाटतं. ज्या तपासण्या नापास होतायत त्या ऑप्शनल करून टाक."

मी केल्या. मंगळवारी पाच ऑप्शनल, बुधवारी बारा. शुक्रवारी 'गाठोड्यात सॉफ्टवेअर आलं का' हीसुद्धा ऑप्शनल झाली, एकही सक्तीची उरली नाही आणि वीस मिनिटांचा बिल्ड चार सेकंदांत हिरवा झाला. वेग वाढला म्हणून सरांनी सगळ्यांना भेळ आणली.

भेळ खाता खाता उज्वलानं तो बिल्ड आपल्या मशीनवर टाकून बघितला आणि वहीत लिहिलं : "खोकं आलं. आत काही नाही."

खरंच नव्हतं. नुसतं चिन्ह होतं आमच्या कंपनीचं. सरांनी वही वाचली आणि विचारलं, "पण तिन्ही सिस्टीमवर इन्स्टॉल झालं ना?"

"झालं सर."

"रिकामं का होईना, तिन्हीकडे सारखंच आहे ना? मग क्रॉस-प्लॅटफॉर्म झालंच की!"

*

मॅकचं गाठोडं बांधायला मॅकच लागतो, आणि आमच्याकडे तो एकच. सहा दिवस त्याच्यावरचा बिल्ड अर्ध्यात बंद पडत होता. सातव्या दिवशी सकाळी येतो तर मशीनवर हळदीकुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता. खंडेनवमी होती. काकूंनी खाली ट्रॅक्टर, कोयता, विळे यांची पूजा केली आणि तसंच ताट घेऊन वर येऊन आमच्याही हत्यारांची केली. वर सगळ्यांची बटणंही बंद केली.

मी मॅक चालू करायला गेलो तर काकू दारात. "हात लावायचा न्हाई. पूजा झालीया. आज बसू द्या त्येला."

मी म्हटलं, "काकू, आज पाठवायचंय."

"ट्रॅक्टर बसलाय, कोयता बसलाय. तुमचाच डबा लई मोठा लागून गेला व्हय?"

मी फोन सरांना लावला आणि काकूंच्या हातात दिला. पाच मिनिटं काकू नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. मग फोन परत देत म्हणाल्या, "तुमच्या सायबांना पटलंय." सरांनी संस्थेला मेल पाठवला की मॅकचा सर्व्हर पूर्वनियोजित देखभालीसाठी बंद आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं आणि बिल्ड एका दमात पूर्ण झाला. बंद-चालू केल्यामुळे आत साठलेला कचरा साफ झाला होता, दुसरं काही नाही. कॉम्प्युटरवाल्या माणसाला सगळ्यात आधी हेच सुचायला हवं होतं आणि सहा दिवस मला ते सुचलं नाही. त्यानंतर सरांनी कामाची नियमावली काढली. तिच्यात एक कलम आहे : "मॅकला बारा तास विश्रांती. काकूंची संमती आवश्यक."

*

आता मालेची शाळा. संस्थेनं सांगितलं, आधी तिथं चालवून दाखवा, मग बाकीच्या शाळांचं बघू. तिथं आमचं सॉफ्टवेअर टाकलंच जाईना. मी आणि उज्वला तिच्या स्कूटीवरून पौडमार्गे मालेला गेलो.

तिथले क्लार्क निकम भाऊसाहेब. नोकरीची एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत. मी म्हटलं, चालू वर्षाचं फोल्डर उघडा. त्यांनी सगळ्यात जुन्या वर्षाचं उघडलं. त्याच्या आत पुढचं वर्ष. त्याच्या आत त्याच्या पुढचं. एकात एक करत भाऊसाहेब खाली खाली निघाले. मुख्याध्यापक सही करायला आले होते, ते शांतपणे स्टूल ओढून बसले. त्यांना सवय होती.

मी विचारलं, "भाऊसाहेब, असं का?"

"गेल्या सालाच्या पोटात हे साल ठिवलं की काय बी हरवत न्हाई. एकोणीस सालात येक कागद हरवला न्हाई माजा."

विंडोजला फाइलचा पत्ता, म्हणजे एकापुढं एक फोल्डरांची नावं, ठरावीक लांबीचाच चालतो. भाऊसाहेबांचा पत्ता त्या हद्दीच्या काठावर उभा होता. आमचं सॉफ्टवेअर आणखी एक स्वतःचं फोल्डर बनवायचं आणि हद्द ओलांडायचं. मी म्हटलं, दुसरीकडं टाकू या. भाऊसाहेब म्हणाले, "दुसरीकडं माजं काय हाय? समदं हितं हाय. हितंच टाका."

ऑफिसात येऊन मी तोडगा काढला. स्वतःचं फोल्डर बनवायचंच नाही, जिथं सांगतील तिथं थेट उतरायचं. आम्ही दोघं पुन्हा मालेला जाऊन आलो आणि तिथं सॉफ्टवेअर चालू झालं. सरांनी माझी पाठ थोपटली आणि मीही ती थोपटून घेतली.

उज्वला मात्र त्या दिवशी परत येताना स्कूटीवर वेगळाच विचार करत होती. पौड ओलांडल्यावर म्हणाली, "टाकलं ते ठीक. काढायचं झालं तर?"

*

काढताना काय होतं ते मला पाठ होतं, कारण ती ओळ मीच लिहिली होती : "ज्या फोल्डरमध्ये आहेस ते अख्खं पुसून टाक." फोल्डर आमचं होतं तोवर ठीक होतं. आता ते भाऊसाहेबांचं होतं. उज्वलानं स्वतःच्या मशीनवर नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो एका फोल्डरमध्ये घातले, शेजारी सॉफ्टवेअर टाकलं, काढलं. वऱ्हाडासकट सगळं गेलं. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा सापडेना. तिनं आधी भाऊसाहेबांना फोन केला, "टाकलंय ते राहू द्या, काढायच्या बटणाला हात लावू नका." मग वहीत लिहिलं. पान चौऱ्याहत्तर.

सोमवारी सरांनी पान वाचलं. अध्यक्षांसमोरचा कार्यक्रम गुरुवारी होता.

"काढेल कोण? आपण विकतोय का काढायला? ही चूक नाही, ही निगेटिव्ह विचारसरणी आहे."

त्यांनी पानावर 'चूक नाही' असं लिहून खाली सही केली. मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला. 'इम्पॉर्टंट' नावाचं फोल्डर उघडलं. आत तिचं लेटर, खरोखरच तयार, तिच्या पूर्ण नावासकट. आजूबाजूला संस्थेचा करार, गुरुवारचं प्रेझेंटेशन, सरांचं अख्खं ऑफिस. आणि त्याच फोल्डरमध्ये आमचं सॉफ्टवेअर.

"बघ, मी स्वतः वापरतो. गुरुवार होऊ दे. फक्त प्रिंट बाकी आहे."

उज्वलानं माझ्याकडे पाहिलं. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती, पण मग तिन्ही बिल्ड आणि उज्वलाची सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे गुरुवार गेला. मी खाली मान घालून कीबोर्ड पुसत बसलो. आजही त्याची लाज वाटते मला.

*

गुरुवारी मालेच्या शाळेत हार, नारळ, सगळं झालं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, प्रत्येक गोष्टीची उलटी बाजू बघायची सवय असलेले. विंडोजवर बघितलं, लिनक्सवर बघितलं, स्वतःच्या मॅकवर बघितलं. तिन्हीकडे चाललं. सर घामाघूम, पण हसत होते.

मग अध्यक्ष म्हणाले, "टाकता येतं हे बघितलं. उद्या आम्हाला नको झालं, तर काढता येतं का?"

"वन क्लिक, सर!" समीर सर म्हणाले आणि भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरकडे वळले.

भाऊसाहेबांनी दोन्ही हात माउसवर ठेवले. "हितं न्हाई. ह्यात एकोणीस सालं हायेत माजी."

"हरकत नाही, माझ्यावर दाखवतो." सरांनी आपला लॅपटॉप टेबलावर मांडला.

उज्वला मागच्या बाकावरून उठली. "सर, थांबा."

"उज्वला, आज नको."

"सर, त्या फोल्डरमध्ये माझं लेटर आहे."

"अगं, लेटर कुठं पळून जातंय?" असं म्हणून सरांनी क्लिक केलं.

सॉफ्टवेअर गेलं. काही मागं न ठेवता गेलं. सरांनी 'इम्पॉर्टंट' शोधलं. मग पुन्हा शोधलं. पुढं वाकून बघणारे भाऊसाहेब मनापासून म्हणाले, "लई स्वच्छ निघतंय की."

अध्यक्षांनी विचारलं, "हे कुणी तपासलं नव्हतं का?"

उज्वला पुढं आली आणि तिनं वहीचं चौऱ्याहत्तरावं पान उघडून अध्यक्षांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून तिचं अक्षर सावकाश वाचलं, खालचं 'चूक नाही' वाचलं, सही वाचली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. अध्यक्षांनी वही मिटून तिच्या हातात परत दिली.

"बाई, तुम्ही इथं पर्मनंट आहात का?"

"होणार होते साहेब," उज्वला म्हणाली. "लेटर आत्ताच गेलं."