खिडकीकडची बाजू

आमच्या स्वयंपाकघरात भिंत घालायचं ठरलं तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती आणि मला त्या घरात येऊन सहा वर्षं झाली होती.

घर डोणगावातलं, लहानच. पुढे अंगण, मग ओसरी, ओसरीला लागून शेजारी शेजारी दोन खोल्या, आणि दोन्ही खोल्यांच्या पाठीला मिळून एकच स्वयंपाकघर. अकरा फूट लांब, नऊ फूट रुंद. एका खोलीत मोठे दीर, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत भासरे, आणि जाऊबाई राहत, दुसरीत आम्ही. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांची खाट ओसरीत असे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे त्या घरात मला जे काही शिकवलं ते जाऊबाईंनी. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. त्या माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांची एकच मुलगी, ती लग्न होऊन सासरी गेलेली.

भांडण भावाभावांचं होतं. रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा विकायचा की ठेवायचा, एवढ्यावरून सुरू झालं आणि मग जुनं-पानं सगळं निघालं. दोघंही एकमेकांशी बोलेनासे झाले. एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडलं की एक जण उठून जायचा. महिना-दीड महिना मामाजींनी हे पाहिलं. मग एक दिवस म्हणाले, "चुली येगळ्या करा. रोज रोज अन्नावर बसून तोंडं फिरवता, त्यापेक्षा ते बरं."

शेत नंतर बघू, आधी चूल, असं ठरलं. गावातलाच मिस्त्री आला. त्यानं टेपनं खोली मोजली, पुन्हा मोजली, आणि डोकं खाजवलं. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या टोकाला गल्लीकडे उघडणारी एकुलती एक खिडकी होती. पश्चिमेच्या टोकाला मोरी आणि नळ. त्या बाजूला बाहेर हातभर फट, फटीतून नाली, आणि पलीकडे शेजाऱ्यांची उंच भिंत. मागच्या अंगाला दुसऱ्यांचं घर लागलेलं. मिस्त्री म्हणाला, "उभी भिंत घातली तं दोन बोळी होतील, ओट्यापाशी माणूस वळणार नाही. आडवीच घालावी लागते. पण मंग एकाले उजेड भेटते, एकाले पाणी. दोन्ही काही भेटत नाही."

त्यानं खोलीच्या मधोमध पांढऱ्या फक्कीची रेघ मारली आणि चहा पिऊन गेला. ज्याला जी बाजू मिळेल त्यानं तिच्यासमोरची खोली घ्यायची, असं मामाजींनी सांगितलं. दोन्ही खोल्या सारख्याच होत्या, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आणि कोणती बाजू हवी ते थोरल्या सुनेनं आधी सांगावं, दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांसमोर.

त्या दुपारी बाई आणि मी रेघेच्या दोन बाजूंना बसून तांदूळ निवडत होतो. बाईंनी मान वर न करता विचारलं, "तुले कोनती पायजे वं?"

मी म्हणाले, "खिडकीकडची. पोरगी लहान आहे. तिले तिथं बसवता येईल."

बाई "बरं" म्हणाल्या.

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर पुढच्या सगळ्याला अर्थ नाही. बाईंना दमा होता. फार जोराचा नाही, पण फोडणी दिली, मिरच्या भाजल्या की त्यांचा श्वास अडकायचा. तेव्हा त्या उलथनं माझ्या हातात देऊन खिडकीपाशी जायच्या, गजांना धरून उभ्या राहायच्या, आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत यायच्या. सहा वर्षं मी हे रोज पाहत होते. मला ते माहीत नव्हतं असं नाही, विसरले होते असंही नाही. खिडकी मागताना ते माझ्या डोक्यात होतं. मुलीचं नाव पुढे केलं, एवढंच. भांडण सुरू झाल्यापासून माझ्या मनात कुठेतरी असं बसलं होतं की आता आपलं आपण पाहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत मामाजी, दोघे भाऊ, मिस्त्री, आणि दाराच्या आत आम्ही दोघी. मामाजींनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मले मोरीकडची द्या. माह्याच्यानं पाण्याच्या बादल्या उचलनं होत नाही आता."

एवढं बोलून त्या थांबल्या. मिस्त्रीनं मान हलवली. माझ्या नवऱ्याला वाटलं, आपल्याला चांगली बाजू आली. मी मुलीचे केस नीट करत राहिले.

चार दिवसांत भिंत उभी राहिली. चार इंची, विटेची, दोन्हीकडून गिलावा. दोन ओटे, दोन गॅस. मिस्त्रीनं बाईंच्या बाजूला छताजवळ एक वीट सोडली, वाऱ्यासाठी. खाली झरोका काढला असता तर नालीचा वास आणि उंदीर आत आले असते. एक्झॉस्ट पंखा लावू, असं भासरे म्हणत होते, पण धूर नालीच्या फटीत ढकलून तो जाणार कुठे, म्हणून तेही राहून गेलं. मामाजी एक महिना इकडे, एक महिना तिकडे जेवू लागले.

माझ्या ओट्यावर सकाळी स्वच्छ ऊन येई. खरकटं पाणी मात्र बादलीत भरून, पुढच्या खोलीतून, ओसरीतून, थेट गल्लीच्या नालीपर्यंत न्यावं लागे. मला त्याचा त्रास वाटला नाही. उलट बरं वाटायचं, की आपणही काहीतरी सोसतोय.

चार इंचांची भिंत म्हणजे काहीच नाही. पलीकडे लाटण्याचा आवाज आला की मला कळे, आज पोळ्या. भाकरी थापल्याचा आवाज तर माझ्याच परातीतून आल्यासारखा. आणि फोडणी पडली की थोड्या वेळानं बाईंचा खोकला. आधी दोन-चार ठसके, मग लांब, मग दार उघडल्याचा आवाज आणि ओसरीतला खोकला. पहिल्या महिन्यात मी हातातलं काम थांबवून ऐकायचे. पुढे पुढे मी माझी फोडणीही त्याच वेळी टाकू लागले. कढईच्या आवाजात ते कमी ऐकू यायचं.

असं एक वर्ष आणि वर काही महिने गेले. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते, हवा दमट. सकाळी साडेनऊच्या सुमारास भिंतीपलीकडून मिरच्या भाजल्याचा झोंबरा वास आला. खोकला सुरू झाला आणि मध्येच बंद झाला. दार उघडल्याचा आवाज आला नाही. मी थोडं थांबले. मग पळत ओसरीतून वळसा घालून त्यांच्या खोलीत गेले. बाई मोरीच्या कठड्याला धरून खाली बसल्या होत्या, ओठ काळेनिळे, तोंड उघडं, आणि आत हवा जात नव्हती. तव्यावर मिरच्या जळत होत्या. मी गॅस बंद केला, त्यांना काखेत हात घालून ओसरीत ओढलं आणि ओरडले. भासरे शेतात होते. माझा नवरा घरात होता. भांडणानंतर त्या बाजूला त्यानं पाऊल टाकलं नव्हतं; त्या दिवशी मात्र त्यानंच बाईंना उचलून शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं आणि आम्ही मेहकरला नेलं.

दवाखान्यात नाकाला वाफेचा मास्क लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. त्यांनी विचारलं, "स्वयंपाक कुठे करतात? खिडकी आहे का?" भासरे तोवर आले होते. ते म्हणाले, "नाही."

चार दिवस बाई तिथे होत्या. मी रोज सकाळच्या एसटीनं डबा घेऊन जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना बरं होतं, त्या उशीला टेकून बसल्या होत्या. खोलीत आम्ही दोघीच. मी डबा उघडता उघडता म्हणाले, "बाई, चुकलं माह्यं. तुम्ही मले खिडकी दिली अन् मी घेतली."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे. त्यांनी गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "म्या नाही दिली तुले."

मी डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"त्या दिवशी ओसरीत म्या म्हनलं, मले मोरीकडची द्या. अन् थांबली. मले वाटलं, तू म्हनशील, नाही बाई, तुमाले दमा हाये, तुम्हीच खिडकी घ्या. म्या वाट पाह्यली. तू पोरीचे केस इंचरून राह्यली होती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रडणंही नव्हतं. श्वास पुरावा म्हणून त्या हळू बोलत होत्या. "सहा वर्षं पोरीसारखं वागवलं तुले. त्या दोघांचं भांडन झालं तं आपलं काऊन झालं, हे मले अजून समजलं नाही."

मी डब्यातलं वरण वाटीत काढलं. त्यांनी ते खाल्लं. परतीच्या एसटीत मला उभ्यानं यावं लागलं, आणि पूर्ण वाटभर मला एवढंच वाटत होतं की आता घरी गेल्यावर आपण काहीतरी केलं पाहिजे, आजच, नाहीतर उद्या आपल्याच्यानं होणार नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, भिंत पाडू. तो म्हणाला, "मी नाही जात त्याच्याकडं सांगाले. त्यालेच गरज असंल तं तो येईन."

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. ते ओसरीत असले की मी डोक्यावर पदर घेऊन कडेनं जायचे. काही सांगायचं झालं तर बाईंमार्फत. सात-आठ वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. त्या दिवशी ते ओसरीत मामाजींजवळ बसले होते. मी पदर घेतला, खांबाजवळ उभी राहिले आणि म्हणाले, "मले बोलायचं आहे."

मामाजी खाटेवर उठून बसले. भासऱ्यांनी मान खाली घातली.

मी म्हणाले, "स्वयंपाकघरातली भिंत पाडा. बाई पुन्हा त्या खोलीत स्वयंपाक करनार नाहीत."

ते जमिनीकडे पाहतच म्हणाले, "तिनंच तं मांगून घेतली होती मोरी."

"नाही," मी म्हणाले. "आदल्या दिवशी मी खिडकी मागितली. मले त्यांचा दमा माहीत होता. तरी मागितली. म्हनून त्यांनी मोरी मागितली."

माझा नवरा दारात येऊन उभा होता, त्यानंही ऐकलं. मामाजी म्हणाले, "चुली येगळ्या करा म्हनलं होतं म्या. भिंतच घाला असं काही म्हनलं नव्हतं."

भासरे उठले, चपला घातल्या आणि मिस्त्रीकडे गेले.

बाई घरी आल्या तेव्हा भिंत निघाली होती, विटा अंगणात रचलेल्या होत्या. नवीन आखणी बाईंनी केली. खुर्ची मधोमध टाकून बसल्या आणि मिस्त्रीला हातानं दाखवत गेल्या. "माहा ओटा खिडकीखाली. गॅस इकडं, गजाजवळ. हिचा मोरीच्या बाजूनं. भांड्याची मांडनी मधात, दोघींची." पूर्वी त्या असं कधी बोलत नसत. आधी समोरच्याचं विचारायच्या, मग आपलं. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मी विटांचा चुरा झाडत राहिले.

तेव्हापासून आमच्याकडे खोली एक आणि चुली दोन. गल्लीतल्या बायकांना हे फार गमतीचं वाटलं. एकीकडे तुरीचं वरण, दुसरीकडे पातोडीची भाजी, पाठीला पाठ लावून दोघी, आणि ताटं दोन दारांनी बाहेर जाणार. मिरच्या भाजायचं काम मी घेतलं, तेही अंगणात. बाई आता रोज दम्याचा पंप ओढतात, थंडीत त्यांना जपावं लागतं. दमा गेला नाही. पण तसा दिवस पुन्हा आला नाही.

आमचं दोघींचं मात्र पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. बाई माझ्याशी नीट बोलतात, मुलीवर जीव लावतात, आजारपणात माझ्या उशाशी बसतात. पण मनातलं सांगायला त्या आता माझ्याकडे येत नाहीत. सासरी असलेल्या आपल्या लेकीला फोन लावतात. मला ते कळतं. काही गोष्टी माफ होतात, पण म्हणून त्या झाल्याच नाहीत असं होत नाही.

मागच्या वर्षी मामाजी वारले. तेराव्याला माणसं खूप आली. दोन्ही गॅस पहाटेपासून पेटले होते, अंगणात मोठी चूलही मांडली होती. अजूनही एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ पंगतीत वाढायला निघाले, एकाच्या हातात वरणाची बादली, दुसऱ्याच्या हातात भाताची परात. अर्ध्या पंगतीत माझा नवरा थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "दादा, इकडं भात कमी पडून राह्यला."

"आनतो," भासरे म्हणाले, आणि आत आले. परात माझ्यासमोर धरून उभे राहिले. मी पदर सारखा केला आणि भात भरून दिला.