अकरा पायऱ्यांवरचा दिवा

माझी काकू दोऱ्याच्या कारखान्यात रिळं तपासते. चोवीस वर्षं हेच काम. धाग्यातली गाठ तिच्या डोळ्यांआधी बोटांना कळते. साडेबाराला तिची पाळी सुरू होते आणि साडेआठशिवाय ती घरी येत नाही.

काका छापखान्यातून निवृत्त झाले आणि एका वाचनालयात संध्याकाळचं काम करू लागले. परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. दुपारी तीनला निघायचं, सातला घरी. दिवसा त्यांना सगळं दिसतं, पण उजेड उतरला की नजर साथ सोडते. ही नजर आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि फाटकापासून दारापर्यंत अकरा दगडी पायऱ्या आहेत, त्याही एका उंचीच्या नाहीत.

म्हणून दाराबाहेर दिवा आणि त्या दिव्याला टायमर. गोल तबकडी, तिच्या कडेला बारीक खुंट्या. ज्या वेळेच्या खुंट्या दाबाल त्या वेळेत दिवा लागतो. काकूने सव्वासहापासूनच्या खुंट्या दाबून ठेवल्या होत्या. तरीही गेल्या महिन्यात, टायमर बसवल्याच्या आठवड्यातच, काका अंधारात आठव्या पायरीवर पडले. गुडघा सोलला, चष्मा फुटला. टायमरचं घड्याळ जवळजवळ चार तास मागे पडलेलं होतं.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, दुसऱ्या दिवशी आली आणि पायरीवरच उभी राहून म्हणाली की पुन्हा एकदा पडलात तर वाचनालय बंद. त्या दिवशी काका जेवले नाहीत. वाचनालय सुटलं तर हा माणूस खुर्चीत बसून राहील आणि बसल्या बसल्या म्हातारा होईल, हे काकूला कळत होतं. तिने ताईला एवढंच सांगितलं की दिव्याचं मी बघते.

तिने टायमर बदलला. नवाही चार तास मागे. तो परत देऊन दुसरा आणला. तोही मागे. दुकानदाराने विचारलं, "काकू, अंगणात टायमर पेरता की काय?" काकूला हसू आलं नाही. रोज रात्री कामावरून आली की ती घड्याळ पुढे सरकवायची आणि किती मागे पडलं ते एका वहीत लिहायची. काका रोज सांगायचे की आजही अंधारच होता, पण मी हळू चढलो. त्या 'हळू'वर तिचा विश्वास नव्हता.

मी विजेच्या कामाची पदविका घेतलेली, त्यामुळे मला बोलावणं आलं. मी टायमर उघडून पाहिला आणि तोऱ्यात सांगितलं की याची मोटर हळू फिरते, या मालातच खोट असणार.

काकूने वही पुढे केली. सोमवार, तीन तास पन्नास मिनिटं. मंगळवार, तीन पंचावन्न. बुधवार, पुन्हा तीन पन्नास. रविवार, शून्य.

"इंजिनीअरबाई," ती म्हणाली, "रविवारी मोटरला तरतरी येते का?"

वीज गेली असं म्हणावं, तर शेजारच्यांची घड्याळं बरोबर होती.

मग काकूने कारखान्यातली रीत वापरायचं ठरवलं. तिथे एखाद्या यंत्रावर धागा सारखा तुटू लागला की ती टेबलावर बसून रिळं चाळत नाही, त्या यंत्रासमोर जाऊन उभी राहते. तुटताना पाहिल्याशिवाय कारण कळत नाही, असं तिचं म्हणणं. तिने गुरुवारची सुट्टी टाकली. तिला ताप आला तरी सुट्टी घेताना मी पाहिलेली नाही. काकांना सांगितलं की डोकं दुखतंय.

बारापासून आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो. दार अर्धं उघडं. टायमर बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या बटणांच्या पाटीशेजारी. त्याची बारीक घरघर कान दिला तर ऐकू येत होती. एक वाजला, दोन वाजले. घड्याळ बिनचूक चाललं होतं. काकू नुसती बघत बसली होती, रिळं बघते तशी.

तीनला काकांनी बूट घातले, किल्ल्या घेतल्या, खिसा चाचपला. "येतो गं," म्हणाले. आणि दार उघडताना त्यांचा डावा हात पाटीवरून वरून खाली फिरला. टक, टक, टक, टक, टक. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दार लागलं. घरघर थांबली.

मी उठून धावणार होते. काकूने माझं मनगट धरलं.

मग सगळं सरळ झालं. टायमरची वीज त्या पाटीवरच्या शेवटच्या बटणातून जात होती. बटण बंद झालं की घड्याळही थांबायचं आणि दिवा लागायचा प्रश्नच नव्हता. सातला काका चाचपडत वर यायचे, आत येऊन सगळी बटणं लावायचे आणि घड्याळ तीनपासून पुढे चालू लागायचं. काकू येईपर्यंत सगळं जागच्या जागी. रविवारी वाचनालय बंद, म्हणून रविवारी टायमरही शहाणा. छापखान्यात बत्तीस वर्षं सगळ्यात शेवटी निघणारे काकाच होते. एकदा कुणाकडून तरी यंत्र चालू राहून कागदाला आग लागली होती. तेव्हापासून निघताना सगळी बटणं बंद करणं हे त्यांचं काम. हात ते काम अजून करत होता.

मी म्हटलं, पाटीवर कागद चिकटवू, बटण बंद करू नका असा.

"ते बटणाकडे बघतात कुठे? कागद कोण वाचणार?" काकू उठलीसुद्धा होती. "टायमरला वीज थेट दे. मध्ये बटणच नको. सातच्या आत व्हायला हवं."

घरातली चालू वायरिंग एकटीने उघडायची माझी पहिलीच वेळ. मी म्हटलं की उद्या माझ्या सरांना घेऊन येते. ती म्हणाली की आज ते पडले तर उद्या सरांचं काय लोणचं घालू?

मुख्य स्विच बंद केला. टेस्टरने दोनदा तपासलं, काकूने तिसऱ्यांदा तपासायला लावलं. पाटी उघडली, तर आत जुन्या वायरींचा गुंता. मी घाबरले. काकू टॉर्च धरून एकेक वायर बोटाने मागे मागे नेत गेली आणि मला सांगत गेली, ही पंख्याची, ही आतल्या दिव्याची, ही आपली. वायर वीतभर कमी पडली. ती छत्री घेऊन भर उन्हात त्याच दुकानात गेली, वायर आणि एक वेगळा फ्यूज घेऊन आली. दुकानदाराने या वेळी काही विचारलं नाही म्हणे.

सहाला दहा मिनिटं कमी असताना मुख्य स्विच लावला. घरघर सुरू झाली. काकूने पाटीवरची पाचही बटणं बंद केली. घरघर चालूच राहिली. मी तबकडी बरोबर वेळेवर आणली आणि सव्वासहाला बाहेर दिवा लागला.

सातला फाटक वाजलं. काका खाली थांबले, वर पाहिलं आणि पायऱ्या चढले. सावकाश, पण हात भिंतीला न लावता. आत येऊन म्हणाले, "आज बरा लागला दिवा."

काकूने आडपडदा ठेवला नाही. "निघताना तुम्हीच सगळी बटणं बंद करत होता. आज डोळ्यांनी पाहिलं."

"मी?" ते पाटीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "छापखान्यात कुणाची तक्रार आली नाही."

"इथे आली. आता खुशाल बंद करा, दिव्याला काही होत नाही."

मला वाटलं ते ओशाळतील. त्यांनी बूट न काढताच ताईला फोन लावला. "मी पडलो ते डोळ्यांमुळे नाही, अंधारामुळे. आणि अंधार मीच केला होता. आता तो होणार नाही. वाचनालय मी सोडणार नाही." ताई बराच वेळ बोलली. शेवटी ठरलं ते असं की सोमवारी सातला ती स्वतः फाटकाशी उभी राहून बघेल आणि मग बोलेल.

सोमवारी मी काकूला विचारलं की पुन्हा सुट्टी घेणार का. ती डबा भरत होती. "कशाला? दिवा लावायला आता मी लागत नाही," ती म्हणाली आणि बाराच्या ठोक्याला निघाली.

सातला ताई फाटकाशी उभी होती, वर दिवा लागलेला होता. काका आले, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तू पुढे हो, मी मागून येतो. ती पुढे झाली नाही. अकराही पायऱ्या ते एकटे चढले आणि ती खालून मोजत राहिली.